चार बोटं

आंब्यांचा क्रेट पिकअपच्या मागच्या फाळक्याच्या कडेवर आपटला तो आवाज तसा लहानच होता. पत्र्यावर प्लास्टिक, एकदाच, आणि मागोमाग दोन आंबे मुरमावर पडल्याचे दोन बसके आवाज. एप्रिलातली सकाळ होती, कातळ अजून तापायचा होता, आणि काकी रोजच्यासारखी पहिला क्रेट कमरेवर घेऊन गाडीच्या मागे आली होती. आमच्या बागेत ती माझ्या लग्नाच्या आधीपासून कामाला येते. क्रेट चढवायची तिची एक पद्धत आहे. उजवा गुडघा जरासा वाकवायचा, कमरेतून एक हलका झोका द्यायचा, आणि वीस किलोचा क्रेट त्या झोक्यातच उघड्या फाळक्यावर सरकवून द्यायचा. हातांना त्यात फारसं काम नसतं, सगळं काम झोका करतो. त्या दिवशी झोका नेहमीएवढाच होता. फाळका मात्र नेहमीच्या जागी नव्हता. तो चार बोटं वर गेला होता.

तिने पडलेले आंबे उचलले, देठ पाहिले, बाजूला ठेवले. मार लागलेला आंबा त्या दिवशी काही बोलत नाही, पिकायला लागला की डाग दाखवतो, म्हणून तो तेव्हाच वेगळा काढावा लागतो. मग तिने आपला तळवा फाळक्याच्या कडेवर ठेवला, नातवाची उंची पाहावी तसा, आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "गाडी वाढली मां रे तुजी?" मी हसलो. तीही हसली. पुढचा क्रेट तिने आधी मांडीवर टेकवला, मग छातीशी घेतला, आणि मग दोन्ही हातांनी वर ढकलला.

असे दहा क्रेट.

गाडी उचलून, म्हणजे चाकांपासून उंच करून घ्यायची हे माझ्या मनाने घेतलं ते आदल्या जुलैत. आमची बाग देवगडच्या सड्यावर. गावातून बागेत जाणारी दीड किलोमीटरची वाट थोडी कातळावरून, थोडी लाल चिखलातून आणि मध्ये एक व्हाळ, म्हणजे ओढा, ओलांडून जाते. गावात ट्रॅक्टर वाढले तशा या वाटेच्या चाकोऱ्या खोल होत गेल्या. ट्रॅक्टरची मागची चाकं मोठी, पोट उंच, चाकोरी किती खोल झाली याने त्याचं काही अडत नाही. माझं अडतं. दोन चाकोऱ्यांच्या मधला उंचवटा दर पावसाळ्यात गाडीच्या पोटाशी आणखी जवळ येतो. माझी गाडी म्हणजे इसुझूची डी-मॅक्स व्ही-क्रॉस, फोर व्हील ड्राइव्ह, २०१७ सालची, आधीच्या मालकाकडून घेतलेली. कागदावर तिचा ग्राउंड क्लिअरन्स, म्हणजे जमिनीपासून पोटापर्यंतची उंची, २२५ मिलिमीटर आहे, आणि तो कमी नाही. पण पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर ३०९५ मिलिमीटर, म्हणजे दहा फुटांच्या वर. आखूड जीप जो उंचवटा सहज ओलांडते, तिथे एवढी लांब गाडी मधोमध टेकते. तशी ती त्या जुलैत टेकली. चारही चाकं फिरत होती, लाल चिखल काचेपर्यंत उडत होता, आणि गाडी मात्र पाटावर मांडी घालून बसावी तशी त्या उंचवट्यावर बसून होती. पोटाखालून दगड घासल्याचा जो आवाज आला, तो मला नुसता ऐकू आला नाही, दातांत जाणवला. दोन तास पाऊस अंगावर घेतल्यावर एक ट्रॅक्टर आला आणि त्याने दोर लावून ओढून काढलं. ट्रॅक्टरवाला वयाने मोठा, बाबांच्या ओळखीचा. दोर सोडताना एवढंच म्हणाला, "चाकोरी भरून घी." मी हो म्हटलं आणि घरी येऊन मोबाइलवर लिफ्ट किट शोधायला बसलो.

तो पावसाळा मी वाचण्यात घालवला. वीज गेलेली असायची, कौलांवर पाऊस, आणि मी पांघरुणात बसून थायलंडमधल्या नि ऑस्ट्रेलियातल्या लोकांच्या गाड्या बघायचो. डी-मॅक्स मुळात तिकडची लाडकी. थायलंडमध्ये ती बनते, ऑस्ट्रेलियात शेतापासून वाळवंटापर्यंत सगळीकडे फिरते, आणि म्हणूनच तिला उचलायचं सामानही बहुतेक तिथूनच येतं. ओल्ड मॅन एमू, आयर्नमॅन, प्रोफेंडर ही नावं मला पाठ झाली. हळूहळू कळत गेलं की गाडी उचलणं ही एक गोष्ट नाही, त्याच्या तीन-चार जाती आहेत. चेसिस आणि केबिन यांच्यात ठोकळे घालून नुसतं वरचं शरीर उचलता येतं. त्याने मोठे टायर मावतात, पण चेसिस आहे तिथेच राहतं, पोट एक सूतही वर येत नाही. माझ्या कामाचं ते नव्हतंच. दुसरा प्रकार स्वस्तातला. पुढच्या स्प्रिंगच्या डोक्यावर एक जाड चकती आणि मागे ॲक्सल नि पाट्यांच्या, म्हणजे एकावर एक रचलेल्या लोखंडी पट्ट्यांच्या स्प्रिंगच्या, मध्ये लोखंडी ठोकळा. गाडी वर येते, पण स्प्रिंग जुनीच, शॉकअप जुनेच, त्यांना आता वेगळ्या कोनात राबायला लावायचं. तिसरा प्रकार म्हणजे सगळंच बदलायचं. पुढे नवे कॉइल आणि शॉकअप, मागे नव्या बाकाचे पाटे, नवे शॅकल, नवे बुश, नवे यू-बोल्ट. मी तिसरा घेतला. किती उचलायचं यावर मात्र फार वेळ घासाघीस केली, स्वतःशीच. तीन-चार इंच उचललेल्या गाड्या फोटोत देखण्या दिसतात. पण व्ही-क्रॉसची पुढची चाकं स्वतंत्र डबल विशबोनवर आहेत. गाडी जितकी वर न्याल, तितका चाकं फिरवणाऱ्या ड्राइव्ह शाफ्टचा कोन तिरका होतो, सांधे झिजतात, त्यांच्यावरचे रबरी बूट फाटतात. दीड-दोन इंचांपर्यंत गाडी समजून घेते, त्यापुढे प्रत्येक सूत कुठल्यातरी सांध्याच्या आयुष्यातून कापलं जातं. मी दोन इंचांवर थांबलो.

कायद्याचंही वाचलं. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आणि त्यावर सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये दिलेला निकाल, दोन्हींचा रोख एकच आहे. नोंदणीच्या कागदावर असलेला तपशील कंपनीने ठरवून दिलेल्यापेक्षा निराळा होईल असा बदल गाडीत करू नये. ते वाचून मी आठवडाभर थबकलो होतो. विमा कंपनीला काय बसवणार ते लेखी कळवलं, त्याची प्रत गाडीत ठेवली, आणि तरीही मनातली एक बारीक कुरकुर गेली नाही. ती अजून आहे.

काम कोल्हापूरला केलं. फोंडाघाट चढून राधानगरीवरून गेलं की आम्हाला कोल्हापूरच जवळ. गॅरेज उपनगरातलं, पत्र्याचं, पण आत फरशी इतकी स्वच्छ की चप्पल काढावीशी वाटली. मेस्त्री तिशीतला. त्याने गाडीभोवती एक फेरी मारली, खाली वाकून पाटे बघितले, आणि किंमत, ब्रँड, रंग यातलं काही न बोलता पहिला प्रश्न विचारला. "मालक, मागं रोज किती वजन असतंय?"

इतकी रात्र-रात्र वाचून या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे तयार नव्हतं. मोसमात दोन महिने रोज दोनशे किलो. इतर वेळी कधी खताच्या गोणी, कधी पंप, बहुतेक दिवस काहीच नाही. पाट्यांचे दोन संच होते. एक हौदा रिकामा किंवा अर्धा भरलेला असेल त्यासाठी, दुसरा कायम तीनशे किलो वाहणाऱ्यांसाठी. दुसरा जाड, न दमणारा. मेस्त्री म्हणाला, "रिकामी फिरत असंल तर हलकं घ्या, नाहीतर गाडी उड्या मारंल." मी दोन महिन्यांचं वजन डोळ्यांपुढे आणलं आणि जाड संच सांगितला. खरं कारण मला माहीत आहे. भरलेली गाडी मागून बसलेली दिसते ते मला आवडत नव्हतं. मला ती भरल्यावरही ताठ उभी दिसायला हवी होती.

मग दिवसभर मी एका स्टुलावर बसून बघत राहिलो. गाडी लोखंडी घोड्यांवर चढली, चाकं निघाली, आणि खालचं सगळं उघडं पडलं. समुद्राकाठच्या हवेने यू-बोल्टांचे नट गंजून गेले होते. तेल मारलं, थांबले, पुन्हा मारलं. लांब दांड्याच्या पान्ह्यावर मेस्त्री आणि पोऱ्या दोघं लोंबकळले तेव्हा पहिला नट किंचाळत सुटला. जुने यू-बोल्ट त्याने सरळ भंगाराच्या डब्यात टाकले. एकदा ताणलेला यू-बोल्ट परत वापरायचा नसतो, म्हणाला. पुढच्या कॉइलचं काम तर त्याने पोऱ्याला लांब उभं करूनच केलं. दाबलेली स्प्रिंग कॉम्प्रेसरमधून निसटली तर माणूस शिल्लक राहत नाही. त्या दहा मिनिटांत गॅरेजमधला रेडिओसुद्धा बंद होता. मागचे नवे पाटे बसवले, मधला बोल्ट ॲक्सलवरच्या भोकात नेमका टेकला, यू-बोल्ट आवळले, पण पाट्यांच्या दोन्ही टोकांचे बोल्ट त्याने नुसते हाताने फिरवून ठेवले. मी विचारलं, विसरलात काय? तो म्हणाला, आत रबराचा बुश आहे. गाडी हवेत असताना आवळला तर खाली आल्यावर तो पिळलेलाच राहणार नि लवकर फाटणार. आधी तिला आपल्या पायांवर उभी राहू दे, आपलं वजन घेऊ दे, मग आवळायचं. गाडी खाली आली, त्याने हौद्याच्या कडेवर बसून चार हिसके दिले, आणि मग जमिनीवर आडवं होऊन टॉर्क रेंचने एकेक बोल्ट आवळला. प्रत्येक बोल्टाला शेवटी एक बारीक 'टक्'.

भिंतीशी जुने पाटे टेकून ठेवले होते. गंजाने तांबडे, मधोमध घासून चकाकणारे. त्यांच्याकडे बघताना बाबांची जीप आठवली. तिला चारही बाजूंना पाटेच. दर दोन-तीन वर्षांनी ती मागून बसायला लागली की बाबा तिला हमरस्त्यावरच्या पाटेवाल्याकडे न्यायचे, आणि सुट्टी असली तर मला बरोबर. कोळशाचा धूर, जळक्या ग्रीसचा वास, आणि एका लयीत पडणारा घण. पाटेवाला एकेक पाटा सोडवून ऐरणीवर धरायचा आणि इंचाइंचावर घाव घालत त्याचा गेलेला बाक परत आणायचा. मध्येच डोळ्यांपुढे आडवा धरून एक डोळा मिटून बघायचा. एकदा बाबांनी त्याला एक पाटा वाढवून दे म्हणून सांगितलं. पाटेवाल्याने जीपकडे बघितलं, आमच्याकडे बघितलं, आणि म्हणाला की वाढवतो, पण मग पोरांना मागे बसवू नका, हाडं खिळखिळी होतील. बाबांनी पाटा वाढवला नाही. मला तेव्हा फार वाईट वाटलं होतं. उंच जीप मला शाळेत मिरवायची होती.

संध्याकाळी निघालो तेव्हा मला स्वर्ग दोन बोटं उरला होता. मेस्त्रीने हिशेब वहीत लिहून दिला होता. चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत पुढे ४२ मिलिमीटर वाढ, मागे ५१. टायर २४५ च्या जागी २६५ रुंदीचे घातले, तेही ७० चेच (बाजूची उंची रुंदीच्या ७० टक्के), म्हणजे टायरची उंची २८ मिलिमीटरने वाढली आणि त्यातली निम्मी, १४, जमिनीपासून वर मिळाली. अलाइनमेंट झालं, ब्रेकचा जोर वजनाप्रमाणे मागे-पुढे वाटणारा जो व्हॉल्व्ह ॲक्सलला जोडलेला असतो त्याची दांडी नव्याने लावली, हेडलाइट खाली केले. एवढं सगळं. राधानगरीच्या जंगलातून येताना कुंपणापलीकडचं दिसत होतं, टेम्पोवाल्यांच्या डोळ्याला डोळा भिडत होता. फोंडाघाट उतरताना मात्र दुसऱ्या वळणावर गाडी बाहेरच्या अंगाला कलली आणि पोटात हललं. रोजचा वेग, रोजचं वळण. त्यानंतर मी खालपर्यंत दुसऱ्या गिअरमध्ये आलो.

घरी आल्यावर तिसऱ्या दिवशी गाडी सुरुवातीला थरथरायला लागली. उभ्यावरून निघताना, वीसच्या वेगापर्यंत, सीटखालून एक खरखर. चेसिसच्या मानाने मागचा ॲक्सल खाली गेल्यामुळे इंजिनाची ताकद मागे नेणाऱ्या दोन तुकड्यांच्या प्रॉपेलर शाफ्टचा मधला सांधा चुकीच्या कोनात फिरत होता. पुन्हा घाट, पुन्हा कोल्हापूर. मधलं बेअरिंग चकत्या घालून थोडं खाली घेतलं, तेव्हा थांबलं. त्याच वेळी मी गाडीखाली आडवा झालो होतो म्हणून एक गोष्ट पहिल्यांदा नीट दिसली. चेसिस वर गेलं होतं, गिअरबॉक्स वर गेला होता, डिझेलची टाकी वर गेली होती, पण मागच्या ॲक्सलच्या मधला, दोन्ही चाकांना ताकद वाटणाऱ्या डिफरन्शियलचा भोपळ्याएवढा गोळा जिथल्या तिथे होता. स्प्रिंग कितीही उचला, ॲक्सल चाकांनाच बांधलेला. तो वर आला होता तो फक्त टायरमुळे. चौदा मिलिमीटर. एका बोटाएवढाही नाही.

हे मी वाचलं होतं. आकृतीसकट वाचलं होतं. पण पाठीला थंड फरशी लागलेली, नाकासमोर तो गोळा लोंबतोय, आणि त्याच्या तळाला जुलैतल्या दगडाने ओढलेला पांढरा ओरखडा, असं बघितल्यावर ते आत उतरलं.

पुढच्या पावसाळ्यापर्यंत वाट बघायची गरज नव्हती. मार्चच्या सुरुवातीला फवारणीचा पंप घेऊन बागेत गेलो तेव्हा कोरड्या चाकोरीत गाडी छान गेली, पोट कुठेच टेकलं नाही. फक्त व्हाळाच्या अलीकडे, जिथे चाकोरी सगळ्यात खोल आहे, तिथे मागून एक ओळखीचा आवाज आला. गोळा घासला. समोरून तोच ट्रॅक्टर येत होता. बाजूला घेऊन थांबला, गाडी वरपासून खालपर्यंत बघितली. चांगली दिसते म्हणाला, आणि ते मनापासून म्हणाला. मग म्हणाला, "वाट भरूची सोडून गाडी कित्याक उचललंस?" त्याच्या विचारण्यात टोमणा नव्हता. त्याला खरंच कळत नव्हतं. बाबा होते तोवर वैशाखात चार गडी आणि घमेली घेऊन ते दोन दिवस ती वाट भरायचे. चाकोरीत दगड, दगडावर मुरूम, उंचवट्याचा माथा कुदळीने छाटायचा. ते गेल्यावर कुणी भरली नाही. मी तर भरलीच नाही.

आणि मग एप्रिलातली ती सकाळ.

त्या रात्री मला काकीचा हसरा चेहरा नाही आठवत राहिला, तिची मांडी आठवत राहिली. क्रेट मांडीवर टेकवताना लुगड्यावर उमटलेली क्रेटच्या जाळीची ओली चौकट. दुसऱ्या दिवशी मी क्रेट चढवायला स्वतः उभा राहिलो, तिला राग आला. तिच्या हातातलं काम काढून घेतल्यासारखं झालं ते. म्हणून मी नुसता शेजारी उभा राहिलो आणि बघितलं. आणि मला दिसलं की प्रश्न फक्त पहिल्या क्रेटचा नाही. जुने पाटे होते तेव्हा तीन-चार क्रेट चढले की गाडी मागून बसायला लागायची. सकाळी क्रेट मोजायचो तेव्हा पहिला क्रेट तिच्या कमरेच्या जरा वर, आणि सातवा-आठवा, जेव्हा तिचे हात दमलेले असायचे, तेव्हा फाळका दोन बोटं खाली आलेला. मला आवडत नसलेलं ते बसणं रोज सकाळी तिच्याकडे झुकत होतं. नवे पाटे दहा क्रेटनीही जेमतेम हलत होते. शेवटचा क्रेट पहिल्याएवढाच उंच. मेस्त्रीने वजनाचं विचारलं तेव्हा मी किलो सांगितले. वजन हौद्यात चढवतं कोण, हे त्याने विचारलं नव्हतं, ते त्याला माहीत असायचं कारण नाही. ते मला माहीत होतं.

मेस्त्रीला फोन केला. तो म्हणाला, पाट्यांचा संच बदलता येतोय, किंवा खालचा जाड पाटा काढून बघू, पण मोसम झाल्यावर आणा, दोन दिवस गाडी सोडावी लागंल. मोसमात गाडी दोन दिवस सोडणं शक्य नव्हतं. घरी चिरे पडलेले होते, त्यातले दोन नेऊन गाडीमागे पायरीसारखे ठेवले. काकीने एकदा त्यावर चढून बघितलं, क्रेट घेऊन चिऱ्यावर पाय ठेवताना तिचा तोल गेला, तिने चिरे बाजूला सारले. झोका द्यायला तिला पाय जमिनीवर लागतात.

तिसऱ्या दिवशी मी सूर्य उगवायच्या आधी पहार, टिकाव आणि घमेलं घेऊन बागेत गेलो. ज्या जुन्या कलमाखाली गाडी लावतो तिथे मागची चाकं जिथे थांबतात त्या दोन जागा हेरल्या. वर मुरूम, खाली जांभा. मुरूम सहज निघाला, जांभ्याला पहार घालावी लागली. पहार लागली की ठिणगी नाही उडत, भुसभुशीत आवाज येतो आणि लाल भुकटी. उजवा खड्डा झाला तेव्हा बुलबुल बोलायला लागले होते, डावा होईपर्यंत उजाडलं होतं. हाताची चार बोटं आडवी धरून खोली बघितली, थोडं आणखी काढलं. निघालेला मुरूम घमेल्यात भरून व्हाळाकडच्या चाकोरीत नेऊन टाकला. तिथे तो दिसलाही नाही, इतकी ती खोल आहे. मग आणखी एक घमेलं टाकलं.

गाडी मागे घेताना आरशात काकी दिसत होती, आंबे उतरवायची घळ झाडाला टेकवून उभी. चाकं कडेपर्यंत आली, जरा अडली, आणि मग दोन्ही एकदम ढप्प करून खड्ड्यात बसली. मी उतरून फाळका पाडला. तिने विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. उजवा गुडघा जरासा वाकला, कमरेतून झोका गेला, आणि क्रेट हौद्याच्या तळावरून घसरत आत गेला तो लांबलचक खर्रर्र आवाज कितीतरी दिवसांनी आला. ती दुसरा आणायला वळलीसुद्धा होती.